त्या ओट्यावर प्यायलेलं पाणी

मागच्या रविवारी दुपारी टीव्हीवर भुताची एक जुनी गोष्ट लागली होती. काळी-पांढरी, चित्र मधूनमधून हलणारं. एक नवरा-बायको बदली होऊन आडगावात येतात. गावातलं कुणी त्यांच्याशी बोलत नाही. ते दिसले की दारं लागतात, विहिरीवरच्या बायका गप्प होतात. शेवटी ती दोघं त्याच गावातली होऊन जातात, आणि पुढचं जोडपं येतं तेव्हा तीच आपलं दार लावून घेतात.

सून पाय वर घेऊन बसली होती. मुलगा तिची चेष्टा करत होता.

"आई, असं गाव कुठे असतं का?" त्याने मला विचारलं.

"असतं," मी म्हटलं. "आणि त्याला भुतं लागत नाहीत."

"तुम्ही पाहिलंय?" सून म्हणाली.

"दूध उतू जातंय ते बघ आधी."

त्या दोघांना सांगितलं नाही ते इथे लिहिते. मुलगा त्याच गावात जन्मला, पण तिथून निघालो तेव्हा तो जेमतेम वर्षाचा होता आणि त्याला काही आठवत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि ती इतर गावांतल्या माणसांहून वाईट होती असं मला म्हणायचं नाही.

अठ्ठावन्न साल असेल. माझे यजमान प्राथमिक शिक्षक, बदली पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या एका गावी झाली. पोलादपूरपर्यंत मोटार, पुढे चार तास चढ. कुडपणची वाट एकीकडे राहायची आणि आमची दुसरीकडे फुटायची. मला चौथा महिना होता. त्याआधी दासगावला, माहेरी, माझं पहिलं मूल गेलं होतं. सुईण खाडीपलीकडून होडीने यायची होती, भरती चुकली, ती पोचली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वर्षभरात आई गेली आणि माहेर संपलं. म्हणून बदलीच्या वेळी मी एकच गोष्ट विचारली होती, त्या गावात सुईण आहे का? ह्यांनी चौकशी करून सांगितलं, आहे, आणि हात चांगला आहे म्हणतात. तेवढ्यावर मी निघाले.

घर बघायला हे आधी एकटे जाऊन आले होते. खोली मिळेल का असं चार ठिकाणी विचारलं. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही. "बघू," "इचारून सांगतो," एवढंच. उन्हातून चढून आलेला माणूस, एका घराच्या ओट्यावर टेकला. घरातली बाई गूळ आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, अर्धं घर रिकामं आहे, या राहायला. हे पाणी प्यायले आणि घर ठरलं. समोर पारावर पाच-सहा माणसं बसून हे सगळं बघत होती. एका शब्दाने ती ह्यांना थांबवू शकली असती. पण थांबवायचं म्हणजे त्या घराबद्दल तोंड उघडायचं, आणि तेही नेमात बसत नव्हतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आम्ही राहायला गेलो तेव्हा कार्तिक संपत आला होता. पहिल्या दिवशी मी हंडा घेऊन विहिरीवर गेले. सात-आठ बायका होत्या, लांबूनच त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी पायरीवर आले आणि बोलणं थांबलं. एकीने दोर सोडला, दुसरीने भरलेली कळशी उचलली. बघता बघता विहिरीवर मी एकटी. मी मनात म्हटलं, नवीन माणूस म्हणून लाजतात. दुसऱ्या दिवशीही लाजल्या. आठवडाभर लाजल्यावर मी ते म्हणणं सोडून दिलं.

रस्त्याने जाताना घराघरातून उखळात कांडण्याचा आवाज यायचा. मी दारासमोर आले की मुसळ थांबायचं, पुढे गेले की पुन्हा सुरू व्हायचं. मी चालेन तशी शांतता माझ्याबरोबर चालायची. वाण्याच्या दुकानात मीठ मागितलं तर तो पाठ करून पोती नीट लावत बसला. शेवटी हे दर पंधरा दिवसांनी पोलादपूरला उतरायचे आणि मीठमिरची पाठीवर आणायचे.

शाळेत मुलं यायची, सगळी यायची. वर्गात पाढे खणखणीत म्हणायची, विचारलं तर उत्तर द्यायची. घंटा झाली आणि उंबरठ्याबाहेर पाय पडला की तीच मुलं ह्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. एका मुलाला ह्यांनी बाहेर हाक मारली तर तो पळत परत वर्गात गेला, तिथून ओरडून म्हणाला, "काय गुरुजी?" आणि उत्तर ऐकून पुन्हा बाहेर येऊन मुका झाला. शाळा सरकारची, म्हणून तिथे बोलायची मुभा होती. घरी येऊन ही गोष्ट सांगताना हे हसले. मला हसू आलं नाही. पहिले काही दिवस मला भीती वाटली होती हे कबूल करते. नंतर भीती वाटेनाशी झाली आणि कंटाळा राहिला. भीतीने माणूस निदान जागा राहतो. हा कंटाळा अंगात ताप मुरावा तसा मुरला. सकाळी उठून हंडा उचलायचा म्हणजे आधी बसून दम घ्यावा लागे.

बोलायला होती ती घरमालकीण. पन्नाशी उलटलेली, विधवा, मूलबाळ नाही. मी तिला काकी म्हणायचे. ती पाण्याला सगळ्या बायका येऊन गेल्यावर, ऊन तापलं की जायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "मला गर्दी सोसत नाय गो." मला ते पटलं. तिचे गुडघे दुखायचे, गर्दी सोसत नसेल. ओली लाकडं कशी पेटवायची, नाचणीची भाकरी न तुटता कशी थापायची हे तिने मला शिकवलं. दासगावच्या मुलीला भाकरी जमत नाही म्हणून रोज टोमणा मारायची: "तांदूळ खाऊन खाऊन हात मऊ झालंत तुमचं. भाकर हाय ती, तिला काय तू मनवतंस? मार थापट्या!"

महाडजवळ सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलं की गुडघे सुटतात असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं, तिथे एकदा जायचं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, बाळंतपण होऊ दे काकी, आम्ही उतरू तेव्हा तुम्हाला घेऊन जाते. दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या बाळंतपणासाठी जुनी बाज सोडून नव्या सुंभाने विणायला घेतली. "खाली शेगडी ठेवायची त दोर घट पायजे," म्हणाली.

सातवा महिना लागला तशी मी सुईणीकडे गेले. माघ महिना, सकाळची वेळ, ती गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होती. उंच, काटक बाई. मी नाव सांगितलं, महिने सांगितले, पहिल्या खेपेचं सांगितलं. ती वळलीच नाही. मी म्हटलं, "अहो, मी तुमच्याशी बोलते आहे."

तेव्हा तिने म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हशीशी बोलायला लागली.

"ऐकतंस काय गो म्हशी? लोकांना वाटतं सुईण दगडाची हाय. माजं हात काय माज्या येकटीचं नाय. गावकीनं सांगितलंय, त्या घरात पाय ठेवायचा नाय, त्या घरच्याशी बोलायचं नाय. जो बोलंल तो पण भायेर. मंग त्या घरात मास्तर ऱ्हावंदे नायतर मामलेदार."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मीही म्हशीकडे तोंड केलं.

"म्हशी, त्या बाईने असं काय केलंय?"

"तिनं काय केलंय म्हशी? तिच्या दादल्यानं केलंय. म्हाडच्या कोर्टात खोताच्या बाजूनं साक्ष दिली. डोंगराकडची समदी जमीन गेली गावाची. तो मेला, सुटला. ती ऱ्हायली वाळीत." वैरणीची पेंढी सोडता सोडता तिने एकदा माझ्या पोटाकडे बघून घेतलं. "पोट वर हाय अजून. चैतात व्हईल. त्या घरातनं भायेर निघालं त माजं हात मोकळं, काय म्हशी? मी काय धावत यायची नाय व्हय?"

म्हशीने शेपूट हलवली. मी घरी आले. त्या दिवशी मी म्हशीला नमस्कार करून निघाले असं हे पुढे लोकांना सांगायचे. तसं काही केलं नाही. हसू मात्र आलं होतं, ते वाटेवरच विरलं.

काकी ओट्यावर बाज विणत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्ही आम्हाला आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं त ऱ्हायली असतीस?"

"नाही."

"मंग."

तिने दोर ओढला, गाठ मारली. मग खाली बघतच म्हणाली, "चार वर्सं घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाय. मांजरानं भांडं पाडलं तरी बरं वाटायचं."

"देवळात नारळ ठेवा आणि चुकलं म्हणा. संपवतील ते."

"चुकलं का नाय ते सांगणारा गेला. त्याच्या तोंडानं मी कशी म्हणू? आणि तो खोटं नव्हता बोलला गो. खोटं बोलला असता त मी कवाच म्हणले असते."

ह्यांना सांगितलं तेव्हा हे खवळले. हा अन्याय आहे, आपण तत्त्व सोडायचं नाही, मी वरिष्ठांना कळवतो, म्हणाले. मी म्हटलं, जरूर कळवा, फक्त उत्तर चैत्राच्या आत येईल का तेवढं बघा. खाली पोलादपूरला किंवा महाडला जाऊन राहायचं तर तिथे आमचं कुणी नव्हतं आणि शाळा सोडून ह्यांना येता येत नव्हतं. आठव्या-नवव्या महिन्यात डोलीतून चार तास उतरण, वाटेतच कळा सुरू झाल्या तर काय, हे मला ह्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पहिलं मूल ह्यांनीच पुरलं होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. देवळामागे गावकीची एक खोली रिकामी होती, तिथे पेट्या ठेवायच्या आणि मग पंचांना विचारायचं असं ठरवलं होतं. आम्ही निघतोय हे कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सकाळी दोन माणसं रस्त्यावर येऊन उभी राहिली. काकीच्या अंगणात ती आली नाहीत. आम्ही पेट्या अंगणाबाहेर आणून ठेवल्या, तशी एकाने पेटी खांद्यावर घेतली.

"द्या गुरुजी. तुमी कशाला? सांगायचं नाय काय आमाला?"

अडीच महिन्यांत शाळेच्या उंबरठ्याबाहेर त्या गावाने आमच्याशी बोललेले ते पहिले शब्द.

काकी दाराशी उभी होती. "बाज ने," म्हणाली.

"नाही नेता येणार, काकी."

"व्हय. बाज पण या घरचीच ना." तिने ती उचलली आणि पडवीच्या भिंतीला उभी करून ठेवली. विहिरीच्या पायरीवरून ती पडवी समोरच दिसायची. पुढचं सव्वा वर्ष मी रोज दोन वेळा पाण्याला गेले आणि रोज दोन वेळा मला ती बाज दिसली. नवा सुंभ हळूहळू काळा पडत गेला.

देवळामागच्या खोलीत संध्याकाळपर्यंत एवढ्या बायका आल्या की बसायला जागा पुरेना. कुणी दूध आणलं, कुणी ताक, कुणी अंडी. त्या अडीच महिन्यांतलं सगळं बोलणं त्या एका दिवसात बोलल्या. मला काय आवडतं, मी कोणत्या दिवशी काय रांधलं, कधी उलटी झाली, सगळं त्यांना ठाऊक होतं. "आमी बघत व्हतू ना बाय," एक म्हणाली. "कसं कसं व्हायचं तुला बघून. येकदा चक्कर येऊन बसलीस विहिरीवर, मी त उठले पण व्हते धरायला."

"मग धरलं का नाहीस?"

"आता काय सांगायचं बाय तुला," ती म्हणाली, आणि मनापासून डोळे पुसले. ती प्रेमळ बाई होती. टीव्हीतल्या त्या गोष्टीत गावकरी दात दाखवून हसतात. हे तसे हसत नव्हते, साध्या माणसांसारखे हसत होते.

शिमग्याला पालखी घरोघर फिरली. मला आठवा होता, मी दारात पाटावर बसून बघत होते. उतारावरून पालखी नाचत येत होती, प्रत्येक दारासमोर थांबायची, घरची बाई ओटी भरायची. काकीने अंगण सारवून रांगोळी काढली होती. सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन ती उभी होती. दरवर्षी अशीच उभी राहते, शेजारची मला म्हणाली, ते ती काकीबद्दल बोलली असं होऊ नये म्हणून रांगोळीकडे बघत म्हणाली. ढोल थांबला नाही की हळू झाला नाही. पालखी रांगोळीला बाजूने वळसा घालून सरळ पुढे आली आणि माझ्या दारात नाचली. मी उठून ओटी भरली. मान वर केली तेव्हा काकी सूप घेऊन आत जात होती. तांदूळ परत मडक्यात ओतले असतील. मी असते तर ओतले असते.

चैत्रात, भर दुपारी, मुलगा झाला. सुईण सकाळपासून आली होती आणि अखंड बोलत होती. "आता बोलतंय ना मी? म्हशीला नको ना मधी घालायला? आता बोलून बोलून कान किटवीन तुजं. कळ दे गो, कळ दे, भाकऱ्या खाल्ल्यास त्या कशाला?" नाळेचे दोन वेढे मुलाच्या गळ्याभोवती होते. तिने ते बोटाने सोडवले, एका हाताने, बोलणं न थांबवता. ती नसती तर मुलगा निळा होऊन गेला असता. हे मला तेव्हाही कळलं होतं. म्हणून त्या घरातून निघाल्याचा पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. तेव्हा झाला नाही, आजही होत नाही. मी लिहिते आहे ते त्याबद्दल नाही, त्यानंतरच्या वर्षाबद्दल आहे.

मूल झालं, मी बरी झाले, हिंडूफिरू लागले. आता माझी अडचण संपली होती. मला काकीशी बोलता आलं असतं. गावकीने आम्हाला पुन्हा बाहेर काढलं असतं, पण सुईणीची गरज आता नव्हती, आणि अडीच महिने काढले तसे आणखी काढले असते. मी बोलले नाही. आज नको, पाऊस उतरू दे, मुलाला दात येऊ देत, असं पुढे ढकलत राहिले. खरं सांगायचं तर त्या शांततेतून पुन्हा चालायचं त्राण मला नव्हतं. काकी उन्हाची पाण्याला यायची. मी पाणी लवकर भरायला लागले.

पुढच्या थंडीत जंगलखात्याचा एक शिपाई बायकोला घेऊन गावात आला. त्यालाही खोली हवी होती. त्यालाही कुणी हो-नाही म्हणालं नाही. तोही चढून दमलेला, काकीच्या ओट्यावर बसला. मी विहिरीवर होते. मला तांब्या दिसला, गूळ दिसला. पायरीवरून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आम्ही सगळ्या बघत उभ्या राहिलो.

चार दिवसांनी त्याची बायको हंडा घेऊन विहिरीवर आली. अठरा-एकोणीस वर्षांची, बोलणं घाटावरचं. "दोर जरा देता का वैनी?" तिने नेमकं मलाच विचारलं, मी तिला शिकलेली वाटले असेन. माझा हात दोरावर होता. मी दोर काठावर ठेवला, कळशी उचलली आणि मुलाला कडेवर सरकवून चालायला लागले. कुणी मला खूण केली नाही, डोळे दाखवले नाहीत. माझं मीच केलं. सात-आठ पावलं गेल्यावर मला तिची दया आली. मी थांबले आणि कडेवरच्या मुलाला म्हटलं, "ऐकलंस का रे बाळा? त्या घरात राहिलं तर कुणी बोलत नाही. देवळामागची खोली वैशाखात रिकामी होणार आहे, आपली बदली झाली ना?"

मुलगी हुशार होती, लगेच समजली. तिचा नवरा त्याच दिवशी पंचांना भेटून आला. पंचांनी वैशाखापर्यंत त्यांना कुणाच्या तरी पडवीत जागा करून दिली. आठवड्याच्या आत काकीचं अर्धं घर पुन्हा रिकामं झालं. बायका मला म्हणाल्या, बरं केलंस हो मास्तरीनबाय, पोरीला वेळेवर सांगितलंस. मलाही तेव्हा बरंच केलं असं वाटलं होतं.

वैशाखात आम्ही उतरलो. निम्मं गाव वेशीपर्यंत पोचवायला आलं होतं. वाट काकीच्या घरावरूनच जायची. ती ओट्यावर बसून नाचणी पाखडत होती, पुढ्यात दोन कोंबड्या टिपत होत्या. मुलगा माझ्या कडेवर होता, ऊन चढलं होतं. मी समोर बघत चालले होते. तिने मान वर केली नाही, सूप थांबवलं नाही. कोंबडीला म्हणाली, "कोंबडे, सांग गो कुणाला तरी, पोराचं टाळू अजून भरलं नाय. ऊन लागंल. टोपरं घाल म्हणावं."

लोकांसमोर माझ्यावर बोलण्याची वेळ येऊ नये, म्हणून ती कोंबडीशी बोलली.

टोपरं माझ्या पिशवीत वरच होतं. बरोबर माणसं होती. पहिल्या वळणापर्यंत मी ते काढलं नाही. वळण गेल्यावर, लोक मागे फिरल्यावर, काढलं आणि त्याच्या डोक्यावर घातलं.